कुणाला तरी ठाऊक होतं



आमचे शाळेतले गुरुजी आम्हाला दर वर्षी एकदा अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात नेत. ओहोटीला चालत जायचं आणि भरतीच्या आत परत यायचं. आदल्या दिवशी वर्गात फळ्यावर गणित व्हायचं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे ओहोटी नवाच्या सुमारास. आठाला निघायचं आणि साडेदहाच्या आत पुन्हा वाळूवर. हे गणित आपल्याकडच्या पोरांना पाढ्यांसारखं येतं. पण गुरुजी फळ्यावरच्या उत्तरावर थांबत नसत. किनाऱ्यावर आलं की जाळं दुरुस्त करत बसलेल्या एखाद्या कोळीदादांना ते विचारत, "काय हो, पोरांना नेऊ का?" एका वर्षी एका म्हाताऱ्याने मान हलवली. बाहेर वारा आहे, पाणी लवकर चढेल, एवढंच तो बोलला. आमच्या डोळ्यांना समुद्र रोजच्यासारखाच दिसत होता. चाळीस पोरं डबे घेऊन तयार, निम्म्यांच्या चपला आधीच हातात. गुरुजींनी सगळ्यांना मागे फिरवलं आणि आम्ही हिरमुसून शाळेत येऊन डबे खाल्ले. त्या दिवशी पाणी खरंच लवकर चढलं का, ते मला सांगता येणार नाही. पाहायला आम्ही थांबलोच नाही.

पुढे मी बोटीवर गेलो, कप्तान झालो, आणि मग समुद्रातल्या धोक्यांबद्दल सल्ला देणं हाच माझा धंदा झाला. त्या धंद्यात जे काही शिकलो त्यातलं बरंचसं त्या सकाळी वाळूवर घडून गेलं होतं. हिशेब केला गेला, हिशेबाबाहेरचं ज्याला कळतं त्याला विचारलं गेलं, आणि ज्याच्या हातात थांबवणं होतं त्याने थांबवलं. हे तिन्ही एका ठिकाणी आलं. असं क्वचित होतं म्हणूनच मला आज तुमच्याशी बोलायचं आहे.

सल्लागार म्हणजे नेमकं काय करता, असं मला नातेवाईकही विचारतात. जहाज विकत घेण्याआधी ते तपासणं, तेलाचं जहाज भाड्याने घेण्याआधी त्यावर जाऊन पाहणं, अपघात झाला की त्याचं कारण शोधणं, कोर्टात साक्ष देणं, एखादी अवजड बार्ज ओढून न्यायची तर ती आज न्यावी की परवा, हे विमा कंपनीच्या वतीने ठरवणं, अशी ती कामं. कधी कित्येक मजल्यांइतक्या खोल टाकीत उतरावं लागतं, कधी आठ-आठ दिवस नुसते कागद वाचावे लागतात. पण या सगळ्या कामांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो. इथे कुणाला काय ठाऊक आहे, आणि ते ज्याला ठाऊक असायला हवं त्याच्यापर्यंत पोचतंय का?

हा प्रश्न मला पुस्तकातून मिळाला नाही. मी अपघातांचे अहवाल वाचत गेलो आणि तो प्रत्येक अहवालातून वर येत गेला.

रामदास बोटीची गोष्ट मी या गावात सांगायला नको. १७ जुलै १९४७, गटारीची अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या आळीत असं घर नव्हतं की ज्यात त्या दिवसाची आठवण नव्हती. लहानपणी मी ऐकायचो ते लाटेबद्दल, एका अंगाला धावलेल्या माणसांबद्दल, कुणी कुणाला धरून ठेवलं आणि कुणाचा हात सुटला त्याबद्दल. मोठा झाल्यावर मात्र मला दुसरीच गोष्ट टोचत राहिली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई बंदर काही मैलांवर, तिथे लाँची उभ्या, माणसं उभी, आणि समुद्रात शेकडो लोक पाण्यात झुंजत आहेत हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. बातमी पोचली ती पोहत किनाऱ्याला लागलेल्यांबरोबर.

त्याच्या तीन वर्षं आधी मुंबईत उलट घडलं होतं. तिथे माहिती होती, भरपूर होती. फोर्ट स्टायकिन नावाचं जहाज १२ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं. कराचीत त्यावर कापसाच्या हजारो गासड्या आणि वंगणतेलाची पिंपं चढवली गेली. हा असा माल एकत्र नेण्याबद्दल कप्तानाने कराचीतच नाराजी दाखवली होती, पण युद्धाचे दिवस, जागेची टंचाई, आणि हुकूम वरून आलेला. मुंबईत आल्यावर धोकादायक माल असल्याची खूण म्हणून लाल बावटा लावायचा, तो लागला नाही. दोन दिवस जहाज तसंच धक्क्याला.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास आग लागल्याचा गलका झाला. पण त्याआधीच, दुपारी साडेबाराच्या आसपास, जवळच्या जहाजांवरच्या काही जणांना फोर्ट स्टायकिनच्या व्हेंटिलेटरमधून धुराच्या रेघा दिसल्या होत्या. जहाजावर माणसं आहेत, त्यांना दिसलंच असेल, असं समजून ते आपापल्या कामाला लागले. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. दीड तास! बंदरात दीड तासात काय काय करता येतं, हे बंदरात काम केलेल्या माणसाला विचारा.

पुढचे दोन तास तर आणखी जड आहेत. आगीचे बंब आले, पाणी मारलं जाऊ लागलं, आणि धक्क्यावर अधिकारी जमले. सैन्याचा दारूगोळा अधिकारी, गोदीचे अधिकारी, बंबवाले, कप्तान. जहाज जागच्या जागी बुडवा, असं म्हणणारा तिथे होता. बाहेर ओढून काढा, हेही कुणी सुचवलं. पाणी मारत राहा, आग आटोक्यात येईल, हाही विचार होता. त्या सगळ्यांवर शेवटचा शब्द कुणाचा, हे मात्र ठरलेलं नव्हतं. सल्ला देणारे पुष्कळ होते, हुकूम देणारा कुणी नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं मेली, गोदी आणि तिच्यामागची वस्ती जळाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दर वर्षी १४ एप्रिलपासून आपल्या देशात अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. शाळांमध्ये त्या आठवड्यात मुलांना बंब दाखवतात. मला वाटतं, त्यांना त्या दोन तासांची गोष्टही सांगावी.

आता युरोपातली एक घटना सांगतो, कारण आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक व्यापारी जहाजावर जो सुरक्षेचा कायदा चालतो तो तिच्यातून जन्मला. ६ मार्च १९८७. हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज नावाची फेरी बेल्जियमच्या झीब्रुगा बंदरातून संध्याकाळी इंग्लंडला निघाली. मोटारी चढवण्यासाठी तिच्या नाकाडाला मोठे दरवाजे होते आणि ते उघडेच राहिले. ज्याने बंद करायचे तो साहाय्यक सारंग आपल्या खोलीत झोपला होता, दिवसभराच्या कामाने थकून. चीफ ऑफिसर, साहाय्यक सारंग आला असेल असं धरून ब्रिजकडे गेला. आणि कप्तानाकडे पद्धत अशी की तक्रार आली नाही म्हणजे सगळं ठीक. वेग वाढला, पाणी मोटारींच्या डेकवर शिरलं, आणि बंदराच्या तोंडाशीच काही क्षणांत जहाज आडवं झालं. १९३ माणसं गेली.

चौकशीत जे निघालं ते त्या झोपलेल्या माणसापेक्षा फार महत्त्वाचं होतं. दरवाजे बंद आहेत की उघडे, हे ब्रिजवर कळावं म्हणून तिथे दिवे लावा, अशी मागणी त्या कंपनीच्या कप्तानांनी आधीच लेखी केली होती. दोन दिवे, एक तार. ऑफिसातून ती मागणी टिंगल करून परत पाठवली गेली होती. न्यायमूर्ती शीन यांनी आपल्या अहवालात बोट कप्तानापाशी थांबवलं नाही. ते वर, संचालकांपर्यंत नेलं. त्या काळी हे नवीन होतं. तोवर अपघात झाला की एक दोषी खलाशी सापडला म्हणजे चौकशी संपत असे.

त्यानंतर १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने सुरक्षा व्यवस्थापनाची संहिता स्वीकारली आणि १ जुलै १९९८ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. तिच्यात पानं पुष्कळ आहेत. मला त्यातल्या दोन गोष्टी सोन्यासारख्या वाटतात. एक म्हणजे, सुरक्षेच्या बाबतीत कप्तानाचा शब्द कंपनीच्या कुठल्याही हुकुमावर वरचढ आहे हे तिथे लिहून ठेवलं आहे. आपल्या मच्छीमार बोटीवर तांडेलाचा शब्द असतो, तसा. दुसरं म्हणजे, प्रत्येक कंपनीने जमिनीवर एक माणूस नेमायचा, ज्याला जहाजावरचा अगदी शेवटचा खलाशीही थेट फोन करू शकेल, आणि जो स्वतः थेट मालकाच्या खोलीत जाऊ शकेल. त्याचा नंबर जहाजाच्या भिंतीवर लावलेला असतो. मी जहाजावर तपासणीला गेलो की तो नंबर पाहतो आणि मेसमध्ये बसलेल्या एखाद्या पोराला विचारतो, "या माणसाला कधी फोन केलाय का?" बहुतेक वेळा पोरगा हसतो. ते हसणं मी माझ्या वहीत लिहून ठेवतो. फाइलींच्या गठ्ठ्यातून जे कळत नाही ते मला तिथे कळतं.

फाइली मात्र वाढल्या. आता प्रत्येक कामाआधी धोक्याचं मोजमाप करायचं असतं. एक तक्ता असतो, पाच उभे रकाने, पाच आडवे. घडण्याची शक्यता किती आणि घडलं तर परिणाम किती, यांचा गुणाकार. उत्तर मोठं आलं तर लाल, मधलं पिवळं, लहान हिरवं. या तक्त्याची मी टवाळी करणार नाही. नीट भरला तर तो माणसाला पाच मिनिटं थांबून विचार करायला लावतो, आणि समुद्रावर पाच मिनिटं फार मोठी असतात. पण मी असे तक्ते पाहिले आहेत की ज्यात काम आधी ठरलं आणि हिरवा रंग नंतर आणला. एका जहाजावर टाकीत उतरण्याचा फॉर्म चाळताना त्यावर दुसऱ्याच जहाजाचं नाव सापडलं. जुना फॉर्म उघडून फक्त तारीख बदलली होती. विश्रांतीच्या तासांचंही तसंच. नियम सांगतो, चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती. नोंदवही उघडावी तर सगळ्यांची विश्रांती आखल्यासारखी. मग मी बंदराची नोंदवही शेजारी ठेवतो. रात्री दोनला पायलट चढला, तीनला दोर बांधले, चारला माल सुरू झाला, आणि त्याच वेळी कागदावर चीफ ऑफिसर झोपलेला आहे. त्या माणसाला खोटारडा म्हणायची माझी जीभ वळत नाही. खरं लिहिलं तर ऑफिसातून विचारणा होते, आणि माणसं वाढवून मिळत नाहीत. त्याने काय करावं?

आता मी ज्या विषयावर जास्त वेळ घालवला त्याकडे येतो. आपल्या किनाऱ्याचा आहे म्हणून आणि तो मला अजून सोडत नाही म्हणूनही.

गोव्याची लोहखनिजाची भुकटी तुम्ही पाहिली असेल. मांडवी आणि झुआरीतून बार्जेस खाली यायच्या, मुरगावला मोठ्या जहाजांत माल चढायचा. मातीच कोरडी ती, बोट का बुडवेल, असं कुणालाही वाटेल. पण बारीक भुकटीच्या कणांमध्ये पाणी अडकून बसतं. जहाज हेलकावे खाऊ लागलं, इंजिनाची थरथर लागली, की कण एकमेकांत दबतात आणि मधल्या पाण्यावर दाब येतो. एका मर्यादेपलीकडे पाणी असलं तर सगळा ढीग अचानक चिखलासारखा वाहू लागतो. जहाज एका अंगाला कललं की माल तिकडे वाहतो, परत येताना पुरता परत येत नाही. दुसऱ्या हेलकाव्याला थोडा आणखी. काही तासांत, कधी काही मिनिटांत, जहाज आडवं. २००९ च्या पावसाळ्यात आपल्या देशात लागोपाठ दोन जहाजं लोहखनिज घेऊन बुडाली, जुलैमध्ये मंगळूरजवळ एशियन फॉरेस्ट आणि सप्टेंबरमध्ये पारादीपजवळ ब्लॅक रोझ. पुढच्याच वर्षी पूर्वेच्या समुद्रात निकेलची माती नेणारी तीन जहाजं ३९ दिवसांत गेली आणि त्यांच्याबरोबर ४४ खलाशी.

आणि हे आधी कळू शकतं! मालाचा नमुना प्रयोगशाळेत तपासतात, किती ओलावा धोक्याचा ते ठरवतात, आणि मालात प्रत्यक्ष किती आहे ते मोजतात. हे काम माल पाठवणाऱ्याचं. त्याने दिलेलं सर्टिफिकेट कप्तानाच्या हातात येतं. कप्तानाकडे स्वतःची म्हणून एक साधी चाचणी असते. अर्धा-एक लिटरचा डबा घ्यायचा, अर्धा मालाने भरायचा, आणि सुमारे वीस सेंटीमीटर उंचीवरून तो कठीण जमिनीवर पंचवीसदा आपटायचा. वर पाणी आलं किंवा माल पातळ दिसू लागला, तर चढवणं थांबवून प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा. पाणी आलं नाही म्हणजे माल सुरक्षित, असं मात्र धरायचं नाही. ही चाचणी धोका दाखवू शकते, निर्धोकपणाची हमी देऊ शकत नाही. तरुण अधिकाऱ्यांना मी हे शिकवतो तेव्हा हे वाक्य त्यांच्याकडून तीनदा म्हणून घेतो.

पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात, गणपतीच्या आसपास, एका कप्तानाने मला बोलावलं. सर्टिफिकेट उत्तम होतं, ओलावा मर्यादेच्या खूप खाली. ढीग उघड्यावर, आणि आठ दिवस पाऊस पडत होता. नमुना कोणत्या तारखेला घेतला ते सर्टिफिकेटवर पाहिलं, तर पावसाच्या आधीचा. कप्तान परदेशी होता, पन्नाशीचा. त्याने डबा आपटला होता, वर पाणी आलं होतं. माल पाठवणारे म्हणत होते की डबा आपटणं हे काही शास्त्र नव्हे, प्रयोगशाळेचा कागद पाहा. भाडेकरू कंपनी रोज फोन करून उशिराचा खर्च ऐकवत होती. मी ढिगावर चढलो. बुटाने माती उकरली तर खाली चकचकीत, हात घातला तर पंजाचा ठसा पाण्याने भरून आला. तिथे काम करणाऱ्या एका मजूर बाईने मला आपण होऊन सांगितलं, "साहेब, खालून तर पाणी वाहतंय." तिला ठाऊक होतं! ढिगाभोवती दिवसभर वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते सर्टिफिकेटवर येण्याची वाट मात्र कुठेच नव्हती. नवीन नमुने घेतले, माल नाकारला गेला, जहाज अकरा दिवस नांगरून राहिलं. त्या अकरा दिवसांत कप्तानाला त्याच्याच ऑफिसातून काय काय ऐकावं लागलं ते त्याने मला नंतर सांगितलं. ते मी इथे सांगत नाही. पुढे तो कुठे गेला माहीत नाही, पण जिथे असेल तिथे त्याला नमस्कार.

इथे मला माझ्या धंद्यातल्या एका अडचणीबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं. सल्लागाराला पैसे कोण देतं? बहुतेक वेळा ज्याला 'हो' ऐकायचं असतं तो. बार्ज ओढून न्यायची तर विमा कंपनी सांगते की आमच्या मान्यतेच्या सर्व्हेयरची सही आणा. दोर, कड्या, टगची ताकद, बार्जवरच्या सामानाची बांधणी, हे सगळं पाहून, आणि पुढच्या किती तासांत हवा कशी राहील ते वाचून तो सही करतो. त्याची फी मात्र बार्जवाला भरतो. क्रेन भाड्याने आणलेल्या, माणसं बसून, रोजचे लाखो रुपये जळत आहेत, आणि एक माणूस आकाशाचा नकाशा बघत 'उद्या पाहू' म्हणतो आहे. मे महिन्याच्या शेवटी मी एकदा असाच नकार दिला. खाली, केरळच्या बाजूला, हवेचं काहीतरी शिजत होतं. ते वर येईल असं मला वाटलं. तीन दिवस थांबलो. ते वर आलंच नाही. समुद्र तिन्ही दिवस तळ्यासारखा होता. त्या कंपनीने मला पुन्हा कधी बोलावलं नाही, आणि त्यांचा राग मला समजतो. त्या दिवशीचा नकाशा आज पुन्हा समोर ठेवला तर मी पुन्हा नाहीच म्हणेन.

मला त्रास देते ती दुसरी सही. एका टगचा एक दोर मला पसंत नव्हता. बदलायला दोन दिवस लागले असते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, मी सही केली. टग सुखरूप पोचला. कुणी मला विचारलं नाही, कुणाला कळलंही नाही. बारा वर्षं झाली, अजून पावसाळी रात्री तो दोर मला दिसतो.

म्हणून १७ मे २०२१ ची रात्र आठवली की मी कुणावर चटकन बोट ठेवू शकत नाही. तौक्ते वादळ येणार हे हवामान खात्याने काही दिवस आधीपासून सांगितलं होतं. बॉम्बे हायवर पी-३०५ नावाची राहण्याची बार्ज होती, तिच्यावर २६१ माणसं. बहुतेक वेल्डर, फिटर, रंगारी. जहाजाशी त्यांचा संबंध एवढाच की ते त्यावर झोपत. बार्ज बंदराकडे आली नाही. प्लॅटफॉर्मपासून थोडी दूर सरकून नांगरावर उभी राहिली. वादळात नांगर तुटले, बार्ज प्लॅटफॉर्मवर आदळली आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाली. नौदलाने त्या समुद्रातून १८६ जणांना उचललं, हे केवळ धाडस होतं. बार्ज आणि वरप्रदा नावाचा टग मिळून ८६ माणसं गेली. हवामानाचा इशारा सगळ्यांच्या मोबाइलवर होता. पण तेल काढणारी कंपनी, कंत्राटदार, बार्जचा मालक, टगचा मालक, कप्तान, अशी साखळी लांब असली की प्रत्येकाला वाटतं, माझ्या वरचा पाहत असेल. फोर्ट स्टायकिनचा धूर पाहणाऱ्यांनाही तसंच वाटलं होतं.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. २६ मार्च २०२४ ला अमेरिकेत बाल्टिमोरला डाली नावाचं जहाज पुलाला धडकलं. खलाशी बहुतेक भारतीय होते. वीज गेली, जहाज भरकटलं, तेव्हा पायलटने तातडीचा संदेश दिला आणि पोलिसांनी काही क्षणांत पुलावरची वाहतूक अडवली. त्याने अनेक जीव वाचले. पुलावर रात्रपाळीला खड्डे बुजवणारे कामगार होते, त्यांच्यापर्यंत ते वेळेत पोचलं नाही. सहा जण गेले. पुढे तपासात हेही दिसलं की पुलाला जहाज धडकण्याच्या धोक्याचं जे गणित तीस वर्षांपासून उपलब्ध होतं, ते त्या पुलासाठी कुणी केलंच नव्हतं. केलं तेव्हा उत्तर आलं, चालेल त्या मर्यादेच्या जवळजवळ ३० पट.

आणि आपल्या रोजच्या पाण्यात, गेटवेसमोर, १८ डिसेंबर २०२४. नौदलाच्या बोटीची इंजिन-चाचणी चालू असताना ती नीलकमल लाँचवर आदळली. लाँचला ८४ प्रवाशांचा परवाना, वर माणसं शंभराहून जास्त. १५ जण गेले. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. तुमच्यातले कित्येक जण मांडव्याहून येजा करता. जॅकेट छताला दोरीने आवळून बांधलेलं दिसलं तर लाँचवाल्या दादांना सांगा. ते चिडतील. तरीही सांगा.

शेवटी मला एका माणसाबद्दल बोलायचं आहे, नाव घेत नाही. १९९० च्या आसपासची गोष्ट. मला नुकतीच तिसरी पट्टी लागली होती, मी चीफ ऑफिसर म्हणून पहिल्याच जहाजावर होतो. नांगराची साखळी ज्या खोलीत गोळा होते त्या चेन लॉकरमध्ये चिखल साचला होता, तो काढायचा होता. बंद खोली, ओलं लोखंड. लोखंड गंजतं तेव्हा ते हवेतला प्राणवायू खातं. बाहेर हवेत तो २०.९ टक्के असतो. आत किती उरला हे नाकाला कळत नाही, वास येत नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. माणूस शिडीवरून उतरतो आणि पाय दुमडून पडतो. त्याला काढायला दुसरा धावतो, तोही पडतो. जगभरच्या जहाजांवर आजही अशी माणसं मरतात, आणि त्यांत मदतीला धावलेली फार असतात.

हे सगळं मी परीक्षेत लिहून आलो होतो. पण त्या दिवशी घाई होती, झाकण दोन तास उघडं होतं, आणि गोव्याचा एक एकोणीस वर्षांचा कॅडेट टॉर्च घेऊन तयार उभा होता. मी म्हणालो, उतर. आमचा सारंग दाभोळच्या खाडीकाठचा, साठीला आलेला. त्याने झाकणाच्या तोंडाशी पाय रोवला. "साहेब, मीटर येऊ दे. पोराला आत नको." मी आवाज चढवला. सगळ्या खलाशांसमोर माझा हुकूम अडला होता. तो हलला नाही, उलट बोललाही नाही, नुसता उभा राहिला. मग मी कॅडेटलाच मीटर आणायला पिटाळलं. दोरीला बांधून ते खाली सोडलं. तळाशी काटा १३ वर होता.

मी सारंगचाचाला त्या दिवशी काहीच बोललो नाही. रात्री त्याच्या खोलीत जाऊन बसलो, त्याने चहा दिला, आम्ही त्याच्या आंब्यांबद्दल बोललो.

तो निवृत्त झाल्यावर पुष्कळ वर्षांनी मी त्याच्या गावी गेलो. ऐंशी पार झाला होता, डोळ्यांनी कमी दिसत होतं. अंगणात खाट टाकून बसलो आणि मी त्याला तो दिवस सांगितला, झाकण, कॅडेट, माझा चढलेला आवाज, सगळं. कॅडेट आता स्वतः मोठ्या जहाजाचा कप्तान आहे, त्याला दोन मुली आहेत, हेही सांगितलं. चाचाने डोळे मिटून आठवून पाहिलं. त्याला ते आठवत नव्हतं. तसं त्याने किती जणांना, किती वेळा अडवलं असेल. थोड्या वेळाने त्याने मला विचारलं, "मग त्या दिवशी साखळीखालचा चिखल निघाला का साहेब?"

निघाला, मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी, पंखा लावून.